मिसेस विल्क्सची जागा

लीड्स, १३ ऑक्टोबर १९८५

तीर्थस्वरूप आत्याबाईंना नलूचा नमस्कार.

मी नीट पोचले. तब्येत बरी आहे. थंडी आहे, पण तुम्ही दिलेली शाल पुरते.

हे पत्र सुमतीच तुम्हाला वाचून दाखवत असणार. अल्लीपुरात वाचणारे पुष्कळ आहेत, पण तुम्ही मुद्दाम तिलाच बसवाल हे मी ओळखून आहे. नवरा गेलेल्या सुनेला सासूनेच विलायतेला जा म्हटल्याचं गावात कोणी ऐकलं नसेल. किसनभाऊजी म्हणाले होते, "शाळेतली पुस्तकं सांभाळाले विलायतेचं शिक्षण कायले लागते?" तुम्ही मला म्हणालात, "जाय तू. पोट्टीले मी पाह्यतो." त्या शब्दावर मी इथे आहे.

सुमती, आता तुझ्याशी. वाचता वाचता थांबू नकोस, आजीला कळेल. तुझा राग बरोबर आहे. बाबा गेले आणि तीन वर्षांत मीही उठून आले. आपली वर्ध्याची खोली सोडावी लागली, आठवीच्या मध्येच तुझी शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. गाडी सुटेपर्यंत तू माझ्याकडे पाठ करून उभी होतीस. मी हाक मारली नाही, कारण हाक मारली असती तर मी गाडीतून उतरले असते. तेव्हा सांगितलं तेच आज लिहिते. जूनच्या शेवटी शाळा उघडायच्या आत मी परत येईन. नववीला तू वर्ध्याच्या शाळेत असशील.

आत्याबाई, इथे आम्ही पुस्तकं कशी लावायची, कशी शोधायची हेच शिकतो, जे मी शाळेत इतकी वर्षं करत आले. नवं एवढंच की ते काम आता यंत्राकडून करून घ्यायचं. यंत्राला कॉम्प्युटर म्हणतात. वर्गात ते एकच आहे, त्यामुळे पाळी लावावी लागते. पहिल्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी चपला काढून बसले. सगळे हसले. मीही हसले.

किसनभाऊजींना नमस्कार.

तुमची
नलू

लीड्स, २६ जानेवारी १९८६

तीर्थस्वरूप आत्याबाईंना नमस्कार.

आज आपल्याकडे झेंडावंदन. इथे रविवार, आणि सकाळपासून बर्फ.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर सुमतीचं. तुमचा शब्द न् शब्द तिने उतरवला आहे. "सुमे, हे नको लिहू" हेसुद्धा उतरवलं आहे, आणि त्याच्या पुढे तुम्ही जे लिहू नको म्हणालात तेही. किसनभाऊजींच्या उधळलेल्या गोऱ्ह्याची हकिगत वाचून मी एकटीच खोलीत हसत बसले. स्वतःचं मात्र तिने एक अक्षर घातलेलं नाही. मी उलटसुलट करून पाहिलं.

या महिन्यापासून आमचं खरं काम सुरू झालं. आमच्यापैकी दोघी-दोघींना एकेक शाळा दिली आहे. त्या शाळेचं ग्रंथालय कॉम्प्युटरवर आणून द्यायचं, म्हणजे पदविका मिळणार. माझ्याबरोबर घानाची एफुआ आहे. बसने तासभर लांब एक लहानसं गाव आहे. तिथली कोळशाची खाण नुकती बंद झाली, तेव्हा पुष्कळ मुलांचे वडील घरी बसून आहेत. शाळा मात्र मोठी आहे. ग्रंथालयात लाकडी खणांची कपाटं, खणांत कार्डं, प्रत्येक पुस्तकाचं एक. ती सगळी आम्ही कळा दाबून यंत्रात भरायची, आणि पुस्तकावर काळ्या रेघांची एक चिठ्ठी चिकटवायची. मग उजेडाची लेखणी त्या रेघांवरून फिरवली की कोणी कोणतं पुस्तक नेलं ते पडद्यावर उमटतं. मुलांना याचं वेड लागलं आहे. लेखणी फिरवायला मिळावी म्हणून ती पुस्तकं नेतात, आणि काही जण नेलेली वाचतातही.

ग्रंथपाल आहेत मिसेस विल्क्स. वय पंचावन्नच्या पुढे, पाय जरा दुखरा. कार्डांवरचं अक्षर सगळं त्यांचंच. एक मुलगी दर आठवड्याला घोड्यांचं तेच पुस्तक नेते. मी विचारलं, दुसरं का देत नाही? म्हणाल्या, "तिच्या घरी सध्या रोज काहीतरी बदलतंय. एक तरी गोष्ट तीच राहू दे." दहा वाजता त्या किटलीत पाणी ठेवतात आणि आम्हा दोघींना चहा देतात. माझ्या कपात दोन चमचे साखर न विचारता घालतात. एकदा त्यांनी गावाचं नाव विचारलं. त्यांच्या तोंडून अल्लीपूर नीट निघत नाही, तरी रोज प्रयत्न करतात.

शाल पुरत नाही, ते मागच्या वेळी मी खोटं लिहिलं होतं. एफुआने जुना कोट दिला आहे, तो घालते.

तुमची
नलू

लीड्स, २३ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप आत्याबाईंना नमस्कार.

आज तुम्हाला एक गोष्ट सांगते. इथे ती कोणाला सांगता येत नाही.

आमचे सर डॉ. पार्किन शाळा पाहायला आले होते. मुख्याध्यापकांशी त्यांचं बोलणं चाललं होतं, मीही तिथेच उभी होते. मुख्याध्यापक म्हणाले, काम छान चाललंय, ईस्टरच्या सुट्टीपर्यंत होईल ना? म्हणजे मिसेस विल्क्सना तेव्हा नोटीस देता येईल. कॉम्प्युटर मंजूर झाला तो याच अटीवर. पुस्तकं द्यायला-घ्यायला मग कारकुनांपैकी कोणीतरी तासभर येऊन बसलं तरी भागेल.

त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. पाऊस येईलसं वाटतं, असं म्हणावं तसे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तिला आधी कळून उपयोग नाही. तुम्ही दोघींनी बोलू नये ही विनंती."

मी मान हलवली. का हलवली ते मला अजून कळत नाही. परक्या मुलखात मोठ्या माणसाने विनंती केली की मान हलते.

परत गेले तर मिसेस विल्क्स आमच्यासाठी कार्डांचे गठ्ठे नीट लावून ठेवत होत्या. जुन्या कार्डांवरची शाई उडालेली, ती आम्हाला वाचता येईना, म्हणून त्या मोठ्याने वाचून दाखवतात आणि मी कळा दाबते. त्यांच्याच तोंडून ऐकून त्यांचंच काम मी यंत्रात घालते आहे.

एफुआ म्हणते, काम बिघडलं तर तिचं सरकार तिला परत बोलावेल, तेव्हा आपण गप्प राहावं. तिचंही खोटं नाही. आणि यंत्र वाईट आहे असंही मी म्हणत नाही. मुदत उलटून गेलेल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या मिसेस विल्क्स दर शुक्रवारी हाताने लिहीत बसत, ते आता यंत्र करून देतं. त्यांचा हात मोकळा झाला तेव्हा त्या किती खूश होत्या. त्या मोकळ्या हाताचं काय करावं, तेच कोणाला कळलं नाही.

जास्त लिहीत नाही. कापूस घरी आला का?

तुमची
नलू

अल्लीपूर, ९ मार्च १९८६

नलूले आनंदाबाईचा आशीर्वाद.

तुयं पत्र भेटलं. सुमीनं दोन डाव वाचून दाखवलं. कापूस घरी आला. किसन बरा हाय. गोऱ्हा आता औताले चालते.

त्या विलकस बाईचं आईकून माह्यं कामात मन लागून नाई राह्यलं. तिच्या घरी कोन हाय ते तू लिवलं नाई. नवरा हाय का, पोरंसोरं हाय का. तू तिच्या हातचा चहा पेतं अन् तिचंच काम काढून घेतं, हे मले बरं नाई वाटलं. मी तुले शिकाले धाडलं, कोनाच्या पोटावर पाय द्याले नाई धाडलं.

तिले सांगून टाकजो. काऊन लपवतं? सुमीचा बाप रूपराव दवाखान्यात होता तवा डाक्टरनं साऱ्याईले सांगतलं, मलेच नाई. सारं गाव माह्या तोंडाकडं पाहून राह्यलं होतं अन् मी त्याच्यासाठी पेज रांधून राह्यली होती. ते मी अजून इसरली नाई. सुमे, हे रूपरावचं नको लिहू. लिवलं का? बरं, लिवलं तं राहू दे.

डिगरीचं पुढं पाहू. तुह्या जिवाले जपजो. कोट घालत जाजो.

त्या बाईचं पुढे काय झालं?
— सुमती

लीड्स, ३० मार्च १९८६

प्रिय सुमती,

पत्र तुमचं दोघींचं, पण आधी तुला उत्तर देते, कारण विचारलंस तू. शेवटची ओळ वाचून मी बसच्या थांब्यावरच बसून राहिले. एक बस निघून गेली.

पुढे असं झालं.

आजीचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळा भरायच्या आधी गेले. मिसेस विल्क्स परत आलेली पुस्तकं लावत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. इंग्रजी घोळवून बोलायला मला येत नाही, त्यामुळे दोन वाक्यांत सांगून झालं.

त्या म्हणाल्या, "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"चार आठवडे."

"आणि चार आठवडे तू माझ्या किटलीतला चहा पीत होतीस."

आजी जे म्हणाली तेच. हातातलं पुस्तक त्यांनी जागेवर ठेवलं, कोट घातला आणि निघून गेल्या. त्या दिवशी ग्रंथालय बंद राहिलं. सुट्टीत मुलं दाराशी उभी राहिली, काचेतून आत बघत होती. यंत्र आत चालूच होतं. पुस्तकं द्यायला आम्हाला येत होतं, पण एफुआनेही दार उघडलं नाही.

दुपारी मी डॉ. पार्किनकडे गेले. आजीला सांग, घाबरले होते. म्हटलं, मिसेस विल्क्सना मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"नलिनी, तुझं काम कार्डं भरणं. शाळेने कोणाला ठेवायचं ते शाळा बघेल."

"मग उरलेली कार्डंही शाळेनेच भरावीत," मी म्हटलं. हे माझ्या तोंडून कसं निघालं ते मला माहीत नाही.

"तुझी पदविका या कामावर अवलंबून आहे, हे लक्षात आहे ना?"

"आहे."

"तुला नेमकं हवंय तरी काय?"

मी म्हटलं, लिहिण्या-मोजण्याचं काम यंत्राने करावं, आणि मिसेस विल्क्सनी मुलांजवळ बसावं. कोणतं पुस्तक कुठे आहे ते पडदा सांगतो. पण आलेल्या मुलाला काय हवंय ते त्याला स्वतःलाच माहीत नसतं. तिथे कोणीतरी बसलेलं लागतं. हे मी शाळेला लिहून द्यायला तयार आहे. तुम्हीही सही करा.

त्यांनी सही केली नाही. पण माझं लिहिलेलं शाळेच्या मंडळाकडे पाठवतो म्हणाले, आणि मंडळाचं उत्तर येईपर्यंत मला त्या शाळेत जायचं नाही असंही म्हणाले.

सध्या मी खोलीवरच आहे. मिसेस विल्क्स विधवा आहेत, एक मुलगा दूर कॅनडात आहे. हे मला एफुआने सांगितलं. इतके दिवस त्यांच्यासमोर बसून मी विचारलं नव्हतं. आजीने पहिल्यांदा तेच विचारलं.

तुझी
आई

लीड्स, १८ मे १९८६

प्रिय सुमती,

हे पत्र आधी तू एकटीने वाच. आजीला नंतर तुझ्या शब्दांत सांग.

मंडळाची बैठक झाली. खाणकामगारांच्या बायका तिथे आल्या होत्या. ग्रंथालय बंद राहिल्याची गोष्ट मुलांनी घरी नेली होती. त्यांनी काय काय सांगितलं ते मला पूर्ण कळलं नाही, पण घोड्यांच्या पुस्तकवाल्या मुलीची आई बोलली एवढं एफुआने सांगितलं. मिसेस विल्क्सना आठवड्यातले तीन दिवस ठेवलं आहे, एक वर्षासाठी. पुढचं पुढे. यंत्रही राहिलं. उरलेली कार्डं एफुआने भरली.

मी त्यांना भेटायला गेले. वाटलं होतं, त्या खूश असतील. त्या म्हणाल्या, "तुझे उपकार झाले असं मी म्हणणार नाही. पूर्ण आठवडा माझा होता, त्यातले तीन दिवस मला परत मिळाले." चहा दिला. साखर किती, असं या वेळी विचारलं.

मी परत आले तेव्हा वाईट वाटलं. मग वाटलं, त्यांचं काय चुकलं?

आता तुझ्या वाट्याचं.

ते काम मी अर्ध्यावर सोडलं, म्हणून ते माझ्या नावावर धरलं जाणार नाही. सर कडक आहेत, पण त्यांनी दार लावलं नाही. दुसरी एक शाळा दिली आहे. या वेळी मी आधीच विचारून घेतलं की तिथला ग्रंथपाल राहणार ना, आणि त्यांनी ते लिहून आणवलं. पण इथल्या शाळांना मध्ये मोठी सुट्टी असते. काम संपून पदविका हातात पडायला ऑक्टोबर संपेल. म्हणजे मी जूनमध्ये येत नाही. दिवाळीला येईन.

तसंच निघून यावं असं मनात आलं. तिकीट काढायला गेलेही. मग वाटलं, रिकाम्या हातांनी आले तर तुझं हे वर्ष कशासाठी गेलं ते मी तुला कधीच सांगू शकणार नाही. हेही कदाचित मी स्वतःला समजावते आहे. सुमती, एका परक्या बाईसाठी मी थांबले आणि त्याची किंमत तुला मोजावी लागली. तेव्हा मला दिसत होतं की असं होईल. नीट दिसत नव्हतं असं लिहिलं असतं, पण ते खरं नाही. पुन्हा तसंच घडलं तर मी काय करीन, ते मी रोज स्वतःला विचारते, आणि उत्तर बदलत नाही. आणि रोज तुझी शाळा डोळ्यांपुढे येते, तेही बदलत नाही.

नववी अल्लीपूरला सुरू कर. दिवाळीनंतर मी तुला वर्ध्याच्या शाळेत घालीन. मध्येच शाळा बदलणं तुला किती नकोसं आहे हे मला माहीत आहे. क्षमा कर असं लिहीत नाही. तू करणार नाहीस, आणि मी तुझ्या जागी असते तर मीही केली नसती.

तुझी
आई

बोरगाव मेघे, वर्धा, ६ जुलै १९८६

प्रिय आई,

तुझं पत्र मी शेताकडे जाऊन एकटीने वाचलं. खूप राग आला. दोन दिवस ते दप्तरात तसंच ठेवलं. आजी रोज विचारायची, "मायचं पत्र आलं नाई का?" मी नाही म्हणायचे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पोस्टमन मले सांगून गेला." मग मी वाचून दाखवलं. माझ्या शब्दांत सांग असं तू लिहिलं होतंस, पण मी तुझ्याच शब्दांत वाचलं.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर आजीने विचारलं, "वर्ध्याची शाळा कवा उघडते?" मी तारीख सांगितली. किसनकाका म्हणाले, "नववी इथंच होऊ दे. दिवाळीपर्यंत थांबलं तं काय बिघडते?"

आजी म्हणाली, "बिघडते."

काका म्हणाले, "वर्ध्याले पोरगी राहीन कोनापाशी?"

"माह्यापाशी."

काकांना वाटलं ती चिडून बोलते आहे. मलाही तसंच वाटलं. पण दुसऱ्या दिवशी तिने ट्रंक काढली आणि मला घेऊन बसने वर्ध्याला आली. सरळ शाळेत गेली. मोठ्या बाईंना म्हणाली, "हे नलूची पोरगी. हिची जागा हाय का?" बाई म्हणाल्या, आहे. मग आम्ही दिवसभर खोली शोधत फिरलो. बोरगावला अन्नपूर्णाबाईंच्या घरी मागची खोली मिळाली. काका अजून रागात आहेत, पण बैलबंडीतून ज्वारीचं पोतं आणि आजीची बाज तेच घेऊन आले.

आजीला इथे करमत नाही. कोणाशी बोलावं ते तिला कळत नाही. दिवसभर दारात बसून रस्ता बघते. रस्ता ओलांडायला भिते, माझा हात धरते आणि म्हणते मीच तुला धरलं आहे. काल मी म्हटलं, आजी, तुला गावाला जायचं असेल तर जा, मी अन्नपूर्णाबाईंकडे राहीन. तर म्हणाली, "तुही माय तिकडं एका बाईपायी अडून बसली. मंग इकडं मी काऊन उठू?"

मी अजून रागावलेली आहे. तू आलीस की एकदम बोलेन की नाही, ते आत्ता सांगता येत नाही. मिसेस विल्क्स तुझ्याशी पहिल्यासारखं बोलत नसतील तर त्यांच्या मागे लागू नकोस. त्यांना वेळ लागेल. जात मात्र राहा.

शाळेतल्या ग्रंथालयाला तू गेल्यापासून कुलूप होतं. मी मोठ्या बाईंना विचारलं. त्यांनी किल्ली दिली नाही, पण शनिवारी त्या स्वतः येऊन उघडतात. आम्ही वर्गातल्या मुली पुस्तकं झटकतो आणि एकेक घरी नेतो. कोणी काय नेलं ते नीट लिहीत नाही, तू आलीस की ओरडशील.

आजी सांगते ते खाली लिहिते.

कोट घालत जाजो. दिवाळीले येशीन तं वर्ध्याच्या स्टेशनवर उतरून सरळ बोरगावले येजो. अल्लीपूरच्या बसमंदी बसू नको. आमी तिथं नाई.

सुमती